साक्षीदाराची सही

आमच्याकडे, म्हणजे ख्रिस्ती लोकांत, देवळात लग्न लागलं, आशीर्वाद झाला, तरी नवरानवरी लगेच बाहेर पडत नाहीत. बाजूला एक टेबल मांडलेलं असतं आणि त्यावर एक लांबट रजिस्टर. मंडळी भजन म्हणत असते, फोटोवाला माणसांना सरकवत असतो, आणि त्या गडबडीत पाळकसाहेब आधी नवऱ्याची सही घेतात, मग नवरीची, आणि मान वर करून विचारतात, "साक्षीदार कोण?" 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे पाळकाखेरीज निदान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आधी कुणाला सांगून ठेवलेलं नसलं की जवळ जो उभा असेल तो पुढे होतो.

1994 च्या मे महिन्यात मी अशीच पुढे झाले होते. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. नवरी आमच्याच आळीतली, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मला अक्का म्हणायची. तिच्या पांढऱ्या साडीच्या निऱ्या मी काढल्या होत्या, डोक्यावरच्या जाळीला पिना मी लावल्या होत्या, म्हणून मी तिच्या अगदी शेजारी होते. कुणीतरी हातात पेन दिलं, मी सही केली. पेन गळत होतं. बोटाला लागलेली शाई मी रुमालाला पुसली आणि जेवणाच्या पंगतीकडे गेले. आपण काय लिहून दिलं, याचा विचार त्या दिवशी माझ्या मनात आला नाही.

मी जुन्या वळणाची बाई आहे. लग्न एक पुरुष आणि एक स्त्री यांचं, देवासमोर, आणि ते मरेपर्यंतचं, असं मी मानते. घरात रोज उपासना व्हावी, रविवारी सगळ्यांनी मिळून देवळात जावं, आईबाप म्हातारे झाले की त्यांना आपल्या घरात जागा असावी, दारू घरात येऊ नये, हेही मानते. हे सगळं मला प्रवचनांतून मिळालं असं म्हणता येणार नाही. ते मिळालं आमच्या बापूंच्या कंदिलाखाली.

बापू मिशनच्या शाळेत शिक्षक होते. रात्री जेवणाआधी आम्ही पाच भावंडं घोंगडीवर बसायचो, आई चुलीपाशी. बापू पवित्र शास्त्र मांडीवर घ्यायचे, आणि ज्याला वाचता येतं त्यानं एकेक वचन वाचायचं. पण बापूंचा एक नेम होता. त्यांचं आणि आईचं त्या दिवशी काही बिनसलेलं असलं, तर ते पुस्तक उघडत नसत. वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट कर, असं प्रभूनं सांगितलंय. बापूंनी ते अक्षरशः धरलं होतं. पुस्तक मांडीवर मिटलेलं, भाकरी टोपलीत झाकलेल्या, आणि आम्ही पाच जण भुकेनं एकमेकांकडे बघतोय. मग बापू उठून चुलीपाशी जायचे. काय बोलायचे ते आम्हाला नीट ऐकू यायचं नाही. कधी दोन मिनिटं लागायची, कधी अर्धा तास. एकदा तर आईनंच मान्य केलं नाही, आणि आम्ही त्या रात्री साडेनऊला जेवलो. पण न बोलता, तोंडं फिरवून कुणी झोपलंय असं त्या घरात झालं नाही. पुढे मी संसार केला तेव्हा मला हा नेम शंभर पुस्तकांपेक्षा उपयोगी पडला.

तर अशा घरातून आलेल्या मला, लग्न मोडणं या गोष्टीची मनापासून भीती वाटते. मराठी पवित्र शास्त्रात घटस्फोटाला शब्द आहे "सूटपत्र". किती हलका शब्द! रजेचा अर्ज असावा तसा. परूशी लोक, म्हणजे नियमशास्त्राला काटेकोर धरणारे यहुदी, येशूला विचारतात, मग सूटपत्र देऊन बायको टाकावी असं मोशेनं का सांगितलं? तो म्हणतो, तुमच्या मनाच्या कठोरपणामुळे. त्याच्या आधीचं वाक्य प्रत्येक लग्नात वाचलं जातं: "देवाने जे जोडले आहे ते मनुष्याने तोडू नये." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, किती जणांना ऐकवलं, याला गणती नाही.

2004 च्या पावसाळ्यात ते मी तिला ऐकवलं.

दहा वर्षं झाली होती लग्नाला. सात वर्षांच्या मुलीला घेऊन ती आईकडे निघून आली होती. मंडळीच्या कमिटीची बैठक झाली आणि चौघांनी जाऊन तिची समजूत घालायची असं ठरलं: पाळकसाहेब, सेक्रेटरी, एक ज्येष्ठ सभासद आणि एक बाईमाणूस हवं म्हणून मी. तिच्या आईच्या ओसरीवर आम्ही बसलो. ती पाणी घेऊन आली तेव्हा तिचा हात माझ्या डोळ्यांसमोर आला. दंडाच्या बाहेरच्या बाजूला चार डाग ओळीनं, आतल्या बाजूला एक. बोटांचे. मी तेव्हा बावीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. ताजा मार जांभळा असतो, आठवडाभरानं हिरवट होतो, मग पिवळा पडतो. तिच्या दंडावर जांभळाही होता आणि पिवळाही. म्हणजे हे एकदाचं नव्हतं, हे मला पाण्याचा पेला हातात घेईपर्यंत कळलं होतं.

आणि तरी मी म्हणाले, "जा बाई. लेकराकडे बघ."

ज्येष्ठ सभासदांनी लक्ष्मीबाई टिळकांचा दाखला दिला. नवरा ख्रिस्ती झाला, समाजानं वाळीत टाकलं, तरी त्या बाईनं किती सोसलं आणि शेवटी नवऱ्याकडेच आली ना? आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. नगरच्या ख्रिस्ती माणसाला टिळक पतिपत्नी म्हणजे घरचीच माणसं. रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणत आम्ही मोठे झालो. त्या दाखल्यापुढे ती काय बोलणार होती? तिनं मुलीची पिशवी भरली.

तिला सोडायला आम्ही तिच्या घरी गेलो. आमच्या बहुतेक घरांत असते तशी पाटी तिथेही होती, निळ्या मखमलीवर सोनेरी अक्षरांची: ख्रिस्त या घराचा धनी आहे, न दिसणारा पाहुणा, प्रत्येक संभाषण शांतपणे ऐकणारा. त्या पाटीखाली तिचा नवरा रडला. खोटं रडला असं मी आजही म्हणणार नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, चहा झाला, आणि निघताना आम्ही सांगितलं की आता दर आठवड्याला कुणी ना कुणी येत जाऊ.

कुणी गेलं नाही. माझी रात्रपाळी होती. सेक्रेटरींच्या घरी लग्न निघालं. पाळकसाहेबांची बदली होणार होती. सात आठवड्यांनी रात्री दीडच्या सुमाराला ती दवाखान्यात आली, मनगट मोडून. प्लॅस्टर घालताना मी तिचा हात धरून उभी होते. ती रडत नव्हती. छताकडे बघत म्हणाली, "अक्का, तुम्ही येणार म्हणाला होता."

बाकी काहीच नाही. एक आरोप नाही, एक शिवी नाही.

त्या रात्रीपासून रजिस्टरातली माझी सही मला दिसायला लागली. साक्षीदार म्हणजे काय? कोर्टात साक्षीदार हा घडून गेलेलं सांगायला असतो. लग्नातली गोष्ट तर अजून घडायची असते. नवरानवरी म्हणतात, बऱ्यावाइटात, गरिबीत-श्रीमंतीत, आजारपणात. आणि आपण सही करतो की हो, आम्ही ऐकलं. मग ऐकणाऱ्यानं पुढे काही बघायचं की नाही? आम्ही जुन्या वळणाचे लोक "तोडू नये" हे बरोबर लक्षात ठेवतो. पण ज्याला "तोडू नको" म्हणायचं त्याच्या घरी पुन्हा जायचं आम्हाला सुचत नाही. तिचं लग्न तिच्या नवऱ्यानं मोडलं, पहिल्यांदा हात उचलला तेव्हाच. त्यानं सगळ्यांसमोर दिलेलं वचन मोडलं होतं आणि आम्ही जाब विचारायला गेलो होतो तिला.

ती पुन्हा त्या घरी गेली नाही. या वेळी मी तिच्या बाजूनं उभी राहिले. वकिलाकडेही गेले तिच्याबरोबर. तिथं मला एक गोष्ट कळली, जी मला आधी माहीत असायला हवी होती. आपला ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा 1869 चा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याच्या जोडीला क्रूरपणा किंवा दोन वर्षं टाकून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागायचं. आणि व्यभिचार नसेल, नुसती मारहाणच असेल, तर सुटका नाही. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं सांगितलं की क्रूरपणा हे एकटंच कारण पुरेसं मानलं पाहिजे. 2001 मध्ये संसदेनं कायदा बदलला आणि नवराबायकोला एकच माप लावलं. त्या वेळी आमच्याकडे कुरकुर झाली होती, की आता दार सताड उघडलं, पोरी ऊठसूट कोर्टात जातील. त्या कुरकुरीत मीही होते, हे मला इथं लिहिलंच पाहिजे.

घरी येऊन मी मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढला. प्रभू तिथं नवऱ्याबद्दल जे म्हणतो तेच पुढच्या ओळीत बायकोबद्दल म्हणतो. दोघांना एक माप. एकशे बत्तीस वर्षं आम्ही ज्याला ख्रिस्ती कायदा म्हणत होतो त्यातलं दुहेरी माप इंग्रज साहेबांच्या काळातलं होतं, प्रभूचं नव्हतंच. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो, बायकोनं नवऱ्यापासून वेगळं होऊ नये. आणि लगेच पुढे म्हणतो, पण वेगळी झालीच तर तसंच राहावं किंवा समेट करावा. "झालीच तर." म्हणजे अशी वेळ येऊ शकते हे त्याला ठाऊक होतं. आम्ही त्या ओसरीवर बसून पहिलं अर्ध वाक्य वाचलं होतं.

टिळकांचाही दाखला मी पुन्हा तपासला, कारण तो माझ्या मनात काट्यासारखा सलत होता. नारायण वामन टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना न सांगता. त्या हिंदूच राहिल्या, नातलगांकडे, मुलाला घेऊन. आता हे बघा: त्या काळी 1866 चा एक कायदा होता, खास अशाच लोकांसाठी. ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याच्या धर्मांतरामुळे नवऱ्यानं किंवा बायकोनं टाकलं, तर कोर्टाची पायरी चढून ते लग्न रद्द करता यायचं आणि दुसरं लग्नही करता यायचं. टिळकांनी दुसरं लग्न केलं नाही. ते वाट बघत राहिले. वर्षं गेली, मग त्या आल्या, त्याही आपलं सोवळं सांभाळूनच, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटला तेव्हा. त्यांच्या घरी चार माणसं पाठवून कुणी त्यांची पिशवी भरायला लावली नव्हती. ही गोष्ट आम्ही बायकोच्या सोसण्याची म्हणून सांगत होतो. मला ती आता वचन पाळणाऱ्या नवऱ्याची वाटते. त्यांचं सगळंच वागणं मला पटतं असं नाही. बायकोला न सांगता इतकं मोठं पाऊल उचलणं हे मला अजून खटकतं. पण कायद्यानं दिलेली सोडवणूक हातात असून ती न घेणारा माणूस, हा दाखला कमिटीनं त्या ओसरीवर न देता तिच्या नवऱ्याला द्यायला हवा होता.

आताच्या मुलामुलींचे प्रश्न वेगळे आहेत. माझी भाची पुण्यात एका मुलाबरोबर राहते, लग्नाशिवाय. दोघं चांगल्या पगाराची, चांगल्या स्वभावाची आहेत. मला ते मान्य नाही आणि ती हे जाणून आहे. मी तिला पाप हा शब्द ऐकवला नाही असं नाही, ऐकवला. पण मला जास्त जे वाटतं ते मी तिला गेल्या नाताळात, करंज्या भरताना सांगितलं: तुम्ही एकमेकांना जे वचन दिलंय ते ऐकायला तिथं कुणी नव्हतं. उद्या त्यानं ते मोडलं तर मी कोणत्या तोंडानं त्याच्या दाराशी जाऊ? ती म्हणाली, "मावशी, लग्न झालेल्यांच्या दाराशी तरी कोण जातं?" माझ्या हातातली करंजी तशीच राहिली. तिला ती दवाखान्यातली गोष्ट माहीत नाही.

आणि 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता द्यायला नकार दिला, तेव्हा आमच्या ग्रुपवर हल्लेलुयाचे मेसेज आले. विवाहाबद्दलचा माझा विश्वास उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातलाच आहे आणि तो बदलणार नाही. पण त्या दिवशी मला आमच्या मंडळीत पेटी वाजवणारा मुलगा आठवला, ज्याला त्याच्या वडिलांनी घराबाहेर काढलं आणि जो नंतर देवळात कधी दिसला नाही. मी हल्लेलुया लिहिलं नाही. त्याच्या आईला फोन केला आणि विचारलं, तो जेवायला येतो का घरी? आईबापाच्या दाराला कडी घालायची आज्ञा मला तरी पवित्र शास्त्रात सापडलेली नाही.

जिच्या लग्नात मी सही केली होती ती आमची मुलगी, म्हणजे आता तीही पन्नाशीच्या पुढे आहे, शिवणकाम करून उभी राहिली. घटस्फोट तिनं घेतलाच नाही. कायदा बदलला होता, वकील तयार होते, मीही म्हटलं होतं की घेतलास तर मी तुझ्याबरोबर आहे. ती म्हणाली, "नको अक्का. मी त्याच्या घरी राहणार नाही. पण मी शब्द दिलाय." 2016 मध्ये तो वारला, दारूनंच. मातीला ती गेली, पांढरी साडी नेसून पहिल्या बाकावर बसली, त्याच्या बायकोच्या जागेवर. लोक कुजबुजले. मी तिच्या शेजारी बसले होते. असं प्रत्येकीनं करावं असं मी कुणाला सांगणार नाही, तिलाही मी सांगितलं नव्हतं. पण वचन म्हणजे काय असतं हे मी त्या बाकावर जितकं जवळून पाहिलं तितकं कुठल्या वेदीपुढे पाहिलेलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात तिच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी माझ्याकडे चिंचवडला आली, होणाऱ्या नवऱ्याला घेऊन. "मावशी, साक्षीदार तुम्ही. आई म्हणाली, त्यांनाच सांग." मी लगेच हो म्हणू शकले नाही. मी आत जाऊन पाणी प्यायले. मग बाहेर येऊन त्या मुलाला विचारलं, "तुमच्या घरी मी न सांगता आले तर चालेल का तुला?" तो गोंधळला. मी पुन्हा विचारलं. "एकदा नाही, नेहमी. आणि तुझा आवाज चढलेला दिसला तर मी तुला विचारीन, तिला नाही." तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "या मावशी." लागलीच हो म्हणाला नाही हे मला आवडलं. मग मी त्यांना बापूंचा नेम सांगितला, मिटलेल्या पुस्तकाचा. दोघं हसली.

तीन रविवार देवळात लग्नाची सूचना वाचली गेली, कुणाची हरकत आली नाही. लग्नात टेबलापाशी मी चष्मा लावून रजिस्टरातला वरपासून खालपर्यंत प्रत्येक रकाना वाचला. फोटोवाला खोळंबला होता. मग सही केली.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले, न कळवता. दार मुलानं उघडलं. चेहरा पडलेला. मुलगी ओट्याशी पाठ करून उभी होती, तिनं "मावशी" म्हटलं पण वळली नाही. मधल्या टेबलावर पवित्र शास्त्र होतं, मिटलेलं, वर चष्म्याची डबी. मी काही विचारणार तोच तो म्हणाला, "मावशी, तुम्ही बसा जरा. आमचं एक बोलणं राहिलंय." आणि ओट्याकडे गेला.

मी खुर्चीत बसले. आतलं नीट ऐकू येत नव्हतं, आवाज मात्र चढलेला नव्हता. सव्वाआठ झाले. मला भूक लागली होती.